‘सूत्रांकडून समजते’ ही बातमी कशी वाचावी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या चौकशीतून फुटलेली बातमी वाचताना मथळा क्षणभर बाजूला ठेवावा आणि नाव न सांगणारा माणूस बातमीत नेमका कुठे उभा आहे, हे आधी पाहावे. ‘चौकशीची माहिती असलेली व्यक्ती’ हे वर्णन मुद्दामच ढगळ ठेवलेले असते. त्यात सरकारी वकील बसतो, तसाच साक्षीदाराचा वकीलही बसतो. ग्रँड ज्युरीपुढील, म्हणजे आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढील, कामकाज गुप्त राखण्याचे बंधन सरकारी वकिलांवर आणि ज्युरींवर असते, साक्षीदारावर मात्र सहसा नसते. त्यामुळे प्रत्येक वेळी तपासयंत्रणाच फुटली असे समजणे घाईचे ठरते.

त्यानंतर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: माहिती खरी आहे का, आणि ती आत्ताच बाहेर का आली? बहुतेक वाचक इथेच गल्लत करतात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला मदत करणारा गुप्त माणूस म्हणजे एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेचे तत्कालीन अधिकारी मार्क फेल्ट, हे २००५ मध्ये उघड झाले. मे १९७२ मध्ये एफबीआयचे संचालक हूवर यांच्या निधनानंतर हंगामी संचालकपद फेल्ट यांना डावलून पॅट्रिक ग्रे यांच्याकडे सोपवण्यात आले होते, आणि त्याचा सल फेल्ट यांच्या मनात असणे अगदी शक्य आहे. तरीही त्यांनी दिलेली दिशा चुकीची ठरली नाही. हेतूवरून माहिती खोटी ठरत नाही. हेतूवरून फार तर एवढे ताडता येते की, सांगणाऱ्याने काय गाळले असेल.

खरेपणा तपासताना पत्रकाराने कागद स्वतः पाहिला की त्याचे वर्णन ऐकले, हे शब्दाशब्दांत शोधावे. डिसेंबर २०१७ मध्ये सीएनएन या वाहिनीने, गुप्त कागदपत्रे फोडणाऱ्या विकीलीक्सच्या कागदपत्रांसंबंधी ट्रम्प यांच्या मुलाला आलेल्या ईमेलची तारीख ४ सप्टेंबर २०१६ अशी दिली. ईमेल प्रत्यक्षात १४ सप्टेंबरचा, म्हणजे ती कागदपत्रे जाहीर झाल्यानंतरचा होता. ट्रम्प गोटाला कागदपत्रे आधीच दाखवली जात होती, हाच बातमीचा मुद्दा होता; एका आकड्याने बातमीतला जीवच गेला. बातमीला एकाहून अधिक सूत्रे होती, पण वाहिनीने तो ईमेल पाहिलेला नव्हता. सूत्रे किती, यापेक्षा ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे महत्त्वाचे असते.

हेतू कधी कधी स्वतः बोलूनही दाखवला जातो. ट्रम्प यांनी पदावरून काढलेले एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी जून २०१७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की, विशेष वकिलाची नेमणूक व्हावी म्हणून आपण ट्रम्प यांच्याशी झालेल्या बोलण्याच्या आपल्या टिपणातील मजकूर एका मित्रामार्फत वृत्तपत्राकडे पोहोचवला. इतका प्रांजळपणा दुर्मीळच.

शेवटी कात्रण जपून ठेवावे आणि मूळ दस्तऐवज आला की ओळीला ओळ लावून पाहावे. हीच कसोटी अधिकृत सारांशालाही लावावी: २४ मार्च २०१९ रोजी ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) बार यांनी, २०१६ च्या निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष वकील म्युलर यांच्या अहवालाचे निष्कर्ष चार पानांत सांगितले, तेव्हा तीन दिवसांतच म्युलर यांनी त्यांना पत्र लिहून, त्यात आपल्या कामाचा संदर्भ व आशय पूर्णपणे उतरलेला नाही, अशी तक्रार केली होती.