बार्डेट-बीडल असलेल्या लेकराची किडनी कशी सांभाळायची

आमच्या लेकराला जन्मतः सहावं बोट होतं, मग रातांधळेपणा दिसला, वजन वाढत गेलं, पण हे सगळं एकाच आजाराचं म्हणजे बार्डेट-बीडल सिंड्रोम या जनुकांतून येणाऱ्या जन्मजात आजाराचं आहे हे फार उशिरा कळलं, तोवर किडनीकडे कोणी पाहिलंच नव्हतं. म्हणून सांगते, निदान झालं की लगेच किडनीची सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी करा, त्रास दिसत नसला तरी, अन् पुढे दरवर्षी. लघवी सकाळी उठल्याबरोबरची द्या. बीपी मोजताना पट्टा दंडाच्या मापाचाच हवा, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो.

सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. यातल्या बऱ्याच मुलांची किडनी पाणी धरून ठेवत नाही, सारखी सू सू, आमचा तर रात्री उठून तांब्याभर पाणी पितो, अशा लेकरावर रागावू नका हो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, बाटलीशिवाय बाहेर नेऊच नका. उलटी-जुलाबात पाणी टिकत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. तापाला ब्रुफेन मनाने देऊ नका, किडनीला मारक. नारळपाणीही डॉक्टरांना विचारूनच, किडनी कमजोर असली की त्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं.