बंद पडलेली इमारत परत चालू करायची असेल तर सुरुवात कुठून करायची

बंद गिरणी, ओस पडलेलं मार्केट, रिकामं गोडाऊन, जुनी शाळा... अशी एखादी मोठी जागा वस्तीच्या मधोमध पडून असली की कुणीतरी उत्साहाने आर्किटेक्टकडे जातं, छान रंगीत चित्रं काढून आणतं आणि मग त्या चित्रांसाठी पैसे शोधत दहा वर्षं जातात. माझं स्पष्ट मत आहे की चित्र सगळ्यात शेवटी काढा. आधी शोधायचं ते हे, की तिथे रोज सकाळी शटर कोण उघडणार आणि तो माणूस भाडं किती देऊ शकणार. हे कळलं की इमारतीत काय तोडायचं आणि काय ठेवायचं ते आपोआप ठरत जातं.

हे शोधायला महागडा सर्व्हे लागत नाही, पायपीट लागते. आसपासच्या पट्ट्यात कोण घरातूनच धंदा करतंय, कुणाचं वर्कशॉप गॅरेजमध्ये मावेनासं झालंय, कुणाला माल ठेवायला जागा नाही, कोण क्लास घेतंय, अशांची यादी करा आणि प्रत्येकाला जाऊन भेटा. भेटल्यावर "इथे जागा मिळाली तर आवडेल का" असं अजिबात विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. विचारायचं ते हे की किती चौरस फूट लागेल, विजेचा लोड किती, मालाची गाडी दारापर्यंत यायला हवी का, आत्ता भाडं किती देताय आणि कधीपासून येऊ शकता. ज्यांना खरंच यायचंय त्यांच्याकडून साधं पत्र किंवा छोटीशी टोकन रक्कम घ्या. तोंडी हो म्हणणारे पन्नास जण एका बाजूला आणि टोकन देणारे आठ जण दुसऱ्या बाजूला ठेवले तर मी आठ जणांवर विश्वास ठेवीन, बँकही तेच करते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मालक नक्की कोण, वारस किती, जागेवर कर्जाचा बोजा आहे का, कर थकलाय का, सध्या कुठल्या वापराची परवानगी आहे आणि इमारत जतन करायच्या हेरिटेज वास्तूंच्या यादीत आहे का. हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय एक पैसाही घालू नका.

आता इमारतीकडे या. स्ट्रक्चरल इंजिनियर तर लागणारच, पण त्याला बोलवायच्या आधी स्वतः एक चक्कर मारा आणि ती जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच मारा, म्हणजे पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी दिसतं. काँक्रीटच्या कॉलमवर आणि बीमच्या तळाला हातोडीने हलकेच ठोकत जा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तर आत थर सुटलाय. कॉलम-बीमच्या लांबीला धरून सरळ रेषेत गेलेल्या भेगा आणि त्यातून उतरलेले तपकिरी डाग दिसले तर समजायचं की आतली सळई गंजून फुगली आहे. लाकडी तुळया असतील तर मधला भाग बघून खूश होऊ नका, तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तेच आधी कुजतं, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर खर्च वाढला. पुढच्या टेस्ट इंजिनियर करेलच, फक्त त्याला आधीच सांगा की आत काय येणार आहे, कारण ऑफिसचं वजन वेगळं आणि कागदांनी भरलेल्या रॅकचं वजन वेगळं. जुन्या छताच्या पत्र्यात आणि पाइपच्या वेष्टनात फुप्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस, जुन्या रंगात शिसं, आणि कारखाना असेल तर जमिनीखाली जुन्या टाक्या किंवा केमिकल असू शकतात, ही तपासणी खरेदीच्या आधीच झाली पाहिजे, नंतर ते सगळं तुमच्या गळ्यात येतं.

अजून एक गोष्ट, जी फार लोक बघत नाहीत, ती म्हणजे उजेड. खिडकीपासून साधारण 6-7 मीटरच्या पुढे दिवसाचा उजेड नीट पोचत नाही. जुन्या गिरण्या चांगल्या पडतात त्या याचमुळे, उंच छत, मोठ्या खिडक्या, मशिनचं वजन पेलणारी जमीन. पण इमारत खूप खोल असेल तर मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात स्टोअर, टॉयलेट, छोटा हॉल, रेकॉर्डिंगची खोली असं काहीतरी टाका, नाहीतर उजेडासाठी मधोमध उघडा चौक कापायची तयारी ठेवा. वरच्या मजल्यांना बाहेर पडायला दोन वेगवेगळे जिने बहुतेक ठिकाणी लागतातच, तोही खर्च आत्ताच धरा.

मग हिशेब. तो उलटा करायचा, म्हणजे खर्चापासून नाही तर भाड्यापासून सुरू करायचा. क्षेत्रफळातलं सगळं भाड्याने जात नाही, जिने, पॅसेज, लिफ्ट यात पाचवा हिस्सा सहज जातो. उरलेल्या जागेचं वर्षाचं भाडं 100 धरा. त्यातले 15 रिकाम्या गाळ्यांचे आणि बुडालेल्या भाड्याचे वजा करा, 25 देखभाल, कर, विमा, वॉचमन यांचे वजा करा, उरले 60. पैसे घालणाऱ्याला वर्षाला 10 टक्के परतावा हवा असेल तर जागा, डागडुजी, फी, कामाच्या काळातलं व्याज असं सगळं मिळून 600 च्या आत बसलं पाहिजे. खर्च 800 येत असेल तर 200 चा खड्डा आहे, तो भाडं फुगवून भरायचा नाही, कारण मग ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तेच येऊ शकणार नाहीत. तो एकतर काम कमी करून भरायचा किंवा अनुदान, करसवलत, स्वस्त कर्ज यातून. आणि जुन्या इमारतीत अचानक निघणाऱ्या कामासाठी वेगळे 20 टक्के ठेवा, भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

करसवलतीबाबत एक धोक्याची सूचना. अमेरिकेत कमाई देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्ती खर्चावर 20 टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम भरायच्या करातून वजा होते, पण काम ठरलेल्या निकषांत बसावं लागतं, आणि अशा अटी इतर ठिकाणच्या योजनांमध्येही असतात. म्हणून जुन्या खिडक्या उपटून फेकायच्या आधी अटी वाचा, परवानगी घ्या, मगच हात लावा.

सगळी इमारत एकदम उघडायचा हट्ट सोडा. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये 1989 चा भूकंप झाला, 1999 ला तिथला मोठा पोलाद कारखाना बंद झाला, मुख्य रस्त्यावरची दुकानं रिकामी पडत गेली. 2008 मध्ये मार्कस वेस्टबरी यांनी रिन्यू न्यूकॅसल नावाची संस्था सुरू केली. त्यांनी इमारती विकत घेतल्या नाहीत, मालकांकडून रिकामे गाळे तात्पुरत्या वापराला घेतले, 30-30 दिवसांच्या परवान्यावर, खरा भाडेकरू मिळाला की मालकाला जागा परत. जागा अडकून पडेल ही मालकाची भीती गेली, आणि कलाकार, छोटे कारागीर यांना मोठं डिपॉझिट न भरता धंदा चालतो का ते बघता आलं. मला ही पद्धत फार आवडते, कारण यात चुकलं तरी नुकसान छोटं असतं. तुम्हीही तळमजल्यावरचे रस्त्याकडचे चार-पाच गाळे आधी उघडा, दिवे लावा, टॉयलेट चालू करा, वरचे मजले फक्त गळती थांबवून बंद ठेवा.

मोठ्या जागेला वेळ लागतो हेही मान्य करा. अमेरिकेत नॉर्थ अ‍ॅडम्स नावाच्या छोट्या शहरात स्प्रेग इलेक्ट्रिकचा कारखाना 1985 ला बंद झाला, त्याच इमारतींत मॅस मोका हे कला संग्रहालय उघडलं ते 1999 ला, आणि त्यातली एक मोठी इमारत तर 2017 ला उघडली. मधल्या काळात बाकीच्या जागा व्यवसायांना भाड्याने देत राहिले. नुसतं संग्रहालय केलं असतं तर सगळा भार तिकिटांवर आला असता.

भाडेकरारात पहिलं वर्ष कमी आणि पुढे पायरीपायरीने वाढ ठेवा, वाढीचा आकडा आधीच लिहा, आणि जो स्वतःच्या खर्चाने फर्निचर-फिटिंग करतोय त्याला निदान 3 ते 5 वर्षं आणि करार पुढे वाढवायचा हक्क द्या. दुरुस्तीचं कामही एकाच मोठ्या टेंडरमध्ये देऊ नका, वायरिंग, प्लंबिंग, खिडक्या, रंग असे तुकडे करा म्हणजे जवळचे छोटे कंत्राटदार बोली लावू शकतात, सांभाळायला डोकेदुखी होते पण पैसा तिथेच फिरतो.

शेवटी मोजणी. किती जागा भरली हा आकडा फसवतो. शेजारच्या गल्लीतला दुकानदार स्वस्त भाड्यासाठी तुमच्याकडे आला तर तुमचा गाळा भरला आणि त्याचा रिकामा झाला, एकूण वाढ शून्य. म्हणून प्रत्येक भाडेकरूच्या नावापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: आधी कुठे होता, येताना किती माणसं कामाला होती, आता किती आहेत. दर सहा महिन्यांनी ही वही भरा, आणि पुढचा मजला कुणासाठी उघडायचा ते त्या वहीवरून ठरवा.