बारा दिवसांत नवा राग मागू नका

यंदा संगीत विभागात प्रवेश घेतलेल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला : मोठा कलावंत विद्यापीठात मुक्कामाला येणार असेल तर अर्ज भरावा का? भरा की! कलाकारांना संस्थेत निवासी म्हणून बोलवावं यासाठी यूजीसीनं 2023 साली मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. पण जाताना काय घेऊन जायचं ते आधी ठरवा. मी चुकीचं घेऊन गेलो होतो.

विद्यापीठाचं आणि आलेल्या बाईंचं नाव सांगत नाही. ज्या घरात ख्याल ऐकला जातो तिथं बाई माहीत असणारच, एवढं पुरे. मुक्काम बारा दिवसांचा. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवून आठ गाणारे निवडले, बाकीचे नुसते ऐकणारे. सूचना कन्नडमध्ये लागली होती. खानापूर-निपाणीकडची आमची काही पोरं ती न वाचताच पुढं गेली आणि तारीख टळल्यावर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणत बसली. फलक वाचा. अडलं तर शेजारच्याला विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

माझ्या वहीत नऊ रागांची यादी होती. पहिल्याच सकाळी बाई म्हणाल्या, “यमन सुनाओ.” मनात म्हटलं, हा तर पहिल्या वर्षाचा! ‘नि रे ग’ एवढं झालं आणि त्यांनी हात वर केला. गंधाराला, म्हणजे ‘ग’ला, पोचायची मला इतकी घाई, की रिषभावर, म्हणजे ‘रे’वर, पाऊल टेकतच नव्हतं. पुढचे चार दिवस तेवढंच. मंद्र निषादावरून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘नि’वरून, उठायचं, रिषभापाशी थांबायचं, मग गंधार. दुसऱ्या दिवशी कंटाळलो, तिसऱ्या दिवशी चिडलो. चौथ्या दिवशी माझी चूक मलाच ऐकू यायला लागली. इतकी वर्षं ती कुणी दाखवली नव्हती, की दाखवली तरी मी ऐकली नव्हती, देव जाणे.

गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडं शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जायच्या, वर्षानुवर्षं. पुढं कर्नाटक विद्यापीठात त्या संगीताच्या मानद प्राध्यापक झाल्या. विद्या तशी येते. बारा दिवसांत नवा राग पदरात पडत नाही. पण गळ्यातली जुनी खोड तयार कानाला पहिल्या मिनिटात सापडते. म्हणून रोज जे गाता आणि दर वेळी जिथं अडखळता, तेच समोर ठेवा.

तंबोऱ्याचं काम मागून घ्या. बाईंची पट्टी, म्हणजे गायचा ‘सा’, पेटीवरची काळी चार, आम्हा मुलांची काळी एक. एकाच जोडीवर दोन्ही पट्ट्या चढवत-उतरवत बसलात तर तारा तुटणार, म्हणून दोन जोड्या वेगळ्या लावायच्या. त्यात पावसाळी हवा. सकाळी लावलेला तंबोरा चहा होईतो उतरायचा, जवारीचा, म्हणजे तारेखाली बसवून गुंजन जमवायचा, दोरा पुन्हा सरकवायचा. मी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं बटण दाबायला गेलो तर बाईंनी नुसतं बघितलं. बटण तसंच राहिलं. त्या अर्ध्या तासात, वर्ग भरायच्या आधी, त्या स्वतःशी गुणगुणायच्या. ते ऐकायला खोलीत मी एकटाच असायचो.

रेकॉर्डिंग विचारून करा. एकानं पिशवीत फोन सुरू ठेवला होता. त्याला उरलेले दिवस मागं बसावं लागलं.

आणि आपल्या भागाची थोडी माहिती ठेवा. एका संध्याकाळी बाईंनी विचारलं, “कुमारजींचं गाव इथून किती लांब?” कुमार गंधर्व 1924 साली सुळेभावीत जन्मले, हे आम्हा आठही जणांना परीक्षेपुरतं पाठ. बेळगावच्या अगदी जवळचं गाव, मिरजेला जाताना रेल्वेच्या खिडकीतून कितीदा पाहिलेलं, पण एकानंही तिथं पाय ठेवला नव्हता. सगळे माना खाली घालून. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, “बाई, रविवारी जाऊया का?” बाई हसल्या आणि लगेच तयार झाल्या. गावात फारसं कुणाशी बोलल्या नाहीत, देवळापाशी थोडा वेळ बसल्या. परतताना गाडीत त्यांनी यमनच धरला, आणि ‘नि रे ग’पाशी माझ्याकडं वळून बघितलं.

प्रमाणपत्र तीन महिन्यांनी आलं. त्यावर माझं आडनाव चुकलंय.