हाय-रेझ संगीत विकत घेताना मास्टर कसा पारखावा

हाय-रेझ (सीडीहून वरच्या दर्जाच्या डिजिटल) संगीताच्या दुकानात एकच अल्बम बहुधा दोन-तीन भावांत मांडलेला असतो. सर्वांत स्वस्त १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीचा दर्जा. त्याहून महाग २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. आणि कधी कधी त्याच्याही वर २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ. ज्याला चांगल्या आवाजाची ओढ आहे तो साहजिकच मोठ्या आकड्याकडे वळतो. मीही पहिली दोन वर्षे तसाच वळत होतो, आणि त्या काळात जादा मोजलेल्या पैशांपैकी बरेच वाया गेले. आता कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो, की फाइल कोणत्या मास्टरवरून, म्हणजे प्रती काढण्यासाठी सिद्ध केलेल्या कोणत्या अंतिम मुद्रणावरून, तयार झाली आहे ते आधी शोधावे आणि आकडा नंतर पाहावा.

आकड्यांचा अर्थ मात्र माहीत असावा. किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे सॅम्पलिंग रेट, सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले ते, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतची वारंवारता त्या फाइलमध्ये मावते. म्हणून सीडीत सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, आणि तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ मानली जाते. बिटचा आकडा म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदला ते: १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटमध्ये ते कागदोपत्री १४४ डेसिबल असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ही जादा जागा फार उपयोगी पडते, कारण गवयाने अचानक तार सप्तकात झेप घेतली तरी आवाज फाटू नये म्हणून त्याला पातळी खाली ठेवावी लागते. घरी ऐकणाऱ्याला तिचा किती लाभ होतो, यावर मात्र जुना वाद आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, हाय-रेझ आवाज मध्येच सीडीच्या दर्जाच्या यंत्रणेतून फिरवून आणला तरी श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. म्हणजे फरक आहे, पण नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तराहून जेमतेम वर. याउलट, एकाच अल्बमच्या दोन वेगळ्या मास्टरमधला फरक साध्या हेडफोनवरही पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: मूळ ध्वनिमुद्रण कधी आणि कशावर झाले? साठ-सत्तरच्या दशकांत उत्तम स्टुडिओत टेपवर झालेले ध्वनिमुद्रण, मूळ मास्टर टेप शोधून नव्याने २४ बिटमध्ये उतरवले असेल, तर ते घेण्यासारखे असते. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ साली सांता बार्बारा येथील एका चॅपेलमध्ये केलेले वादन अॅनालॉग टेपवर मुद्रित झाले होते. अशा ध्वनिमुद्रणाची हाय-रेझ आवृत्ती काढण्याला निश्चित अर्थ आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील चांगली ध्वनिमुद्रणे तर बहुतांशी मुळातच २४ बिटमध्ये होतात, त्यामुळे तेथे फारशी अडचण नाही.

खरी मेख ऐंशीच्या दशकात आहे. त्या काळी डिजिटल ध्वनिमुद्रण नवे होते आणि बहुतेक यंत्रे १६ बिटचीच होती. त्या मास्टरमध्ये जे कधी उतरलेच नाही ते नंतर २४ बिटची फाइल करून येत नाही. लहान फोटो मोठ्या कागदावर छापल्याने त्यातला चेहरा अधिक स्पष्ट होत नाही, तसेच हे. जुनी सीडी हाताशी असेल तर तिच्या मागे तीन रोमन अक्षरे पाहावीत: तिन्ही ‘डी’ असतील तर मुद्रण, मिश्रण आणि मास्टरिंग तिन्ही डिजिटल, पहिले अक्षर ‘ए’ असेल तर मुद्रण टेपवर झाले आहे. मुद्रणाचे वर्ष १९९०च्या आधीचे आणि तिन्ही अक्षरे ‘डी’, असा योग आला की २४ बिटसाठी जादा पैसे देताना हात आखडता घ्यावा.

७८ गतीच्या तबकड्यांची गोष्ट याहून निराळी आहे, आणि आपल्याकडच्या श्रोत्यांना तिचा वारंवार संबंध येतो. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या तबकड्यांवरून केलेल्या फायली कधी २४/९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) मध्ये मिळतात. खरखर आणि टकटक काढण्याचे काम करणाऱ्याला तो दर्जा हवाच असतो. पण त्या काळच्या तबकडीत सहा-सात किलोहर्ट्झच्या वर बहुधा गाणे नसून खरखरच असते, त्यामुळे आपण पैसे द्यायचे ते तबकडी किती चांगली होती, सुई योग्य होती का, गती आणि पर्यायाने षड्ज बरोबर लावला आहे का, आणि खरखर काढताना गळ्यातली धार तर काढून टाकली नाही ना, यासाठी. येथे सीडीच्या दर्जाची फाइल पुरेशी आहे, हे मी बिनदिक्कत सांगेन.

दुकानदारांनी ही माहिती स्वतः द्यावी, अशी अपेक्षा चुकीची नाही. २०१४ साली अमेरिकेतील संबंधित संघटनांनी हाय-रेझची व्याख्या ठरवली, तेव्हा मूळ स्रोत सांगणाऱ्या चार खुणाही ठरवल्या होत्या: एक डिजिटल पीसीएम (सीडीप्रमाणे नमुन्यांचे आकडे साठवण्याची नेहमीची पद्धत) मास्टरसाठी, एक अॅनालॉग मास्टरसाठी, एक डीएसडीसाठी (एकेका बिटचे नमुने फार वेगाने घेणारी निराळी पद्धत) आणि एक चक्क सीडीच्या मास्टरसाठी. या खुणा दुकानांच्या पानांवर क्वचितच दिसतात. त्यामुळे अल्बमसोबतची पुस्तिका, लेबलचे स्वतःचे संकेतस्थळ आणि रिमास्टर (जुन्या मुद्रणाचे नव्याने मास्टरिंग) करणाऱ्याचे नाव, या तीन ठिकाणी आपणच शोध घ्यावा. मास्टरिंग कोणी केले याचा कोठेच उल्लेख नसेल, तर मी ती खरेदी काही दिवस लांबणीवर टाकतो.

दुसरा प्रश्न आवाज दाबण्याचा. नव्या रिमास्टरमध्ये अनेकदा हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करून सगळेच मोठे केलेले असते. पहिल्या ऐकण्यात ते जोरकस वाटते आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कान शिणतो. हा फरक मोजणारे डायनॅमिक रेंजचे आकडे श्रोत्यांनी जमवलेल्या सार्वजनिक यादीत पाहता येतात, आणि फूबार२०००सारख्या प्लेअरमध्ये स्वतःही मोजता येतात. जुन्या सीडीचा आकडा १३ आणि नव्या २४/१९२ आवृत्तीचा ७ असेल, तर जुनी सीडी शोधून घरी उतरवून घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

खरेदी कोठून करावी, हे आपण कोठे राहतो यावरही अवलंबून आहे. फ्रान्सचे कोबझ, अमेरिकेचे एचडीट्रॅक्स, इंग्लंडचे प्रेस्टो म्युझिक ही परिचित नावे आहेत, पण हक्कांच्या बंधनांमुळे काही दुकाने ठरावीक देशांतच विक्री करतात आणि तोच अल्बम एका देशात मिळतो तर दुसऱ्यात मिळत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी श्रोत्याला ही अडचण कमी. भारतात बसून खरेदी करणाऱ्याने खाते उघडण्याआधी आपल्या देशाचे नाव यादीत आहे का ते पाहावे. भारतात कार्डावर परदेशी व्यवहार मूळात बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात, आणि चलनबदलाचे दोन-तीन टक्के वर जातात ते किमतीत धरावेत. बँडकॅम्पवर कलाकार थेट विकतात, पानावर बिट आणि सॅम्पलिंग रेट स्पष्ट लिहिलेला असतो, आणि डिजिटल विक्रीतून दुकान साधारण १५ टक्केच कापून घेते. मात्र तेथे खरेदीआधी ऐकू येणारा नमुना १२८ केबीपीएस एमपी३चा, म्हणजे बरीच माहिती गाळून लहान केलेला, असतो, त्यावरून दर्जाचा निर्णय करू नये.

फाइलचा प्रकार निवडताना फार घोळ घालण्याचे कारण नाही. फ्लॅक घ्यावे, अॅपलची उपकरणे असतील तर अलॅक. दोन्ही लॉसलेस, म्हणजे आवाजातले काही न गाळता फाइल लहान करणारे, प्रकार आहेत आणि एकातून दुसऱ्यात बदलताना काही गमावत नाही. एमक्यूए, म्हणजे हाय-रेझ आवाज घडी घालून लहान फाइलमध्ये बसवणारा प्रकार, त्यातली फाइल विकत घेऊ नये. तो एकाच कंपनीच्या मालकीच्या तंत्रावर चालत होता आणि ती कंपनीच २०२३ साली आर्थिक अडचणीत सापडली. डीएसडी घ्यायचे तर मुद्रण मुळात डीएसडीत झाले आहे का ते पाहावे, कारण डीएसडीत संकलन करणे कठीण असल्याने मधला टप्पा बऱ्याचदा पीसीएमचाच असतो.

फाइल आली की ती तपासावी. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून ऐंशीच्या दशकातील सतारवादन २४/९६ म्हणून घेतले आणि फाइलमधल्या वारंवारता रंगांत दाखवणाऱ्या स्पेक या मोफत प्रोग्राममध्ये उघडले. पडद्यावर ४८ किलोहर्ट्झपर्यंत जागा होती. खालून पिवळा, तांबडा, जांभळा असा रंग चढत गेला आणि बरोबर २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबला. वरचा अर्धा पडदा काळाठिक्कर, म्हणजे आत सीडीच्याच दर्जाचा आवाज. मी ते चित्र दुकानाला पाठवले. लेबलने दिलेली फाइल आम्ही विकतो, एवढेच उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी अनोळखी लेबलचा अल्बम आधी एकच गाणे घेऊन तपासतो. चित्र वाचताना घाई मात्र करू नये. जुन्या टेपवर वरचा रंग हळूहळू विरत जातो, ते स्वाभाविक आहे. संशय घ्यायचा तो सरळ कड्यासारख्या रेषेचा. डीएसडीवरून केलेल्या फाइलमध्ये वरच्या भागात चढत जाणारा धुरकट रंग दिसतो, तो संगीत नसून त्या पद्धतीचा गोंगाट असतो. आणखी एक खूण उपयोगी आहे: १६ बिटला नुसती शून्ये जोडून केलेली २४ बिटची फ्लॅक फाइल आकाराने संशयास्पद लहान राहते. एक तासाचे अस्सल २४/९६ साधारण एक जीबीच्या आसपास किंवा थोडे वर भरते.

ऐकताना संगणकच आवाज बदलत नाही ना, हेही पाहावे. विंडोजचा मिक्सर सगळ्या आवाजाला एकाच दरात आणतो, म्हणून प्लेअरमध्ये तो मिक्सर टाळणारा वासापी एक्स्क्लुझिव्ह किंवा एएसआयओ हा मार्ग निवडावा. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दर स्वतः लावावा. डॅकवर (डिजिटल फाइलचे ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणाऱ्या उपकरणावर) दिसणारा आकडा फाइलच्या आकड्याशी जुळला म्हणजे झाले.

मोठी खरेदी करण्याआधी एक चाचणी प्रत्येकाने करावी. नॉर्वेच्या टूएल या लेबलने एकच मुद्रण वेगवेगळ्या दर्जांत मोफत ठेवले आहे. ते उतरवून, आवाजाची पातळी समान ठेवून, फूबारच्या एबीएक्स सोयीने कोणती फाइल वाजते आहे हे न पाहता ऐकावे. किंवा आपल्याकडच्या एखाद्या २४/९६ फाइलची १६/४४.१ प्रत करून तानपुऱ्याचा एकट्याचा भाग लावावा: तार छेडल्यावर जवारीतून उठलेले स्वर विरत विरत शांततेत मिसळतात, तेथे कान द्यावा. मला सोळा फेऱ्यांत नऊ वेळा बरोबर सांगता आले, म्हणजे मला फरक कळला असे म्हणता येत नाही. तुमचे कान कदाचित अधिक सांगतील. पण जो निकाल येईल त्यावर पुढच्या वर्षाचा खर्च ठरवावा.

शेवटी साठवण. गायक नील यंग यांच्या पोनो या हाय-रेझ संगीतसेवेचे दुकान २०१६ साली बंद पडले, आणि इतर दुकानांतही लेबलचा करार संपला की विकत घेतलेला अल्बम पुन्हा उतरवता येईलच असे नाही. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात, एक डिस्क घराबाहेर ठेवावी, आणि पावती व पुस्तिकेची पीडीएफ अल्बमच्याच फोल्डरमध्ये टाकावी. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची तपासखूण साठवलेली असते. वर्षातून एकदा तिच्या आधारे सगळा संग्रह तपासून घेतला, की कोणती फाइल बिघडली आहे ते दुसरी प्रत शाबूत असतानाच कळते.