खेळाची उपमा आणि मागे पडणारं मूल: संडे स्कूलच्या नव्या शिक्षकांसाठी

संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचा तास कसा चालतो, गाणी कधी, सुवर्णवचन (पाठ करायचं वचन) कधी, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते खेळांच्या उदाहरणांबद्दल. त्यांनी वर्ग चटकन जागा होतो, म्हणून आपण बेसावध राहतो.

खेळाची उपमा पवित्र शास्त्रातच आहे. 1 करिंथ 9 मध्ये, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रेषित पौल शर्यतीबद्दल लिहितो, आणि त्याच्या वाचकांना ती नवी नव्हती. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. विजेत्याला पानांचा मुकुट मिळे आणि तो कोमेजून जाई. पौलाचा भर न कोमेजणाऱ्या मुकुटावर आणि धावणाऱ्याच्या संयमावर आहे. मुलं मात्र एवढंच उचलतात की बक्षीस एकालाच मिळतं.

सापळा इथेच आहे. यातून बाहेर यायला मला फार वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगते. शर्यतीचा पाठ सुरू झाला की शाळेच्या संघातली मुलं ताठ बसतात. ज्याला संघात कुणी घेतच नाही, तो मुलगा गप्प होतो. त्याच्या मनात हिशोब चालू असतो: इथेही पहिला येणाराच हवा, म्हणजे मी नाही. तो हे बोलून दाखवत नाही. विचारलं तर "हो टीचर" म्हणतो. वर आपण पाठांतरात पहिल्या आलेल्याला चॉकलेट देतो आणि त्याचा हिशोब पक्का होतो. इफिस 2:8-9 त्याच तासाला पाठ करून घेतलेलं असतं: तारण देवाच्या कृपेने, म्हणजे न कमावता मिळतं, आपल्या कर्मांनी नाही. ओठांवर कृपा आणि मनात गुणतक्ता, असं मूल घरी जातं. हे गंभीर आहे, कारण मोठेपणी मंडळीपासून दुरावताना "मी देवाला पुरा पडलो नाही" असं म्हणणारे मी ऐकले आहेत.

म्हणून कृपा शिकवायची असेल तर शर्यत नको, कबड्डी घ्या. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो. तिथे बसून तो कितीही जोर लावो, स्वतःला जिवंत करू शकत नाही. त्याच्या संघातलं कुणीतरी गुण मिळवतं तेव्हाच तो आत येतो. हे मुलांनी अंगाने अनुभवलेलं असतं, समजावावं लागत नाही. फक्त नियम नीट माहीत हवेत. बोनस गुणाने गडी जिवंत होत नाही, हे तुम्ही चुकलात तर पुढचा अर्धा तास वाद त्यावरच होईल. आणि उपमा कुठे थांबते तेही सांगा. कबड्डीत चढाई करणारा परत येऊन वाचवतो. प्रभू येशूने आपला प्राण दिला आणि तो पुन्हा उठला.

शर्यत टाकून द्या असं नाही. इब्री 12 मधली शर्यत धीराने धावण्याची आहे. ती घ्या. तिथे मागे पडलेल्यालाही जागा आहे.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडलची गोष्ट सगळेच सांगतात: 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी प्राथमिक फेरी म्हणून 100 मीटर सोडली, 400 मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. इथवर सांगून थांबू नका. मुलांना तो सौदा वाटतो: रविवार पाळला की पदक. पुढचंही सांगा. तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 मध्ये जपान्यांच्या नजरकैदेत, वेइशियनच्या छावणीत वारला. छावणीतल्या मुलांना तो शिकवत असे, त्यांचे खेळ घेत असे. मोठी मुलं या भागाशीच जास्त वेळ थांबतात.

बेसबॉलवरचे तयार पाठ उतरवून घेऊ नका. आपल्या पोरांनी बेस पाहिलेला नाही. देवाला अंपायर तर कधीच म्हणू नका, बाद होण्याची भीती घेऊन मूल प्रार्थनेला बसतं. सल्ला हवा असेल तर पीटीच्या सरांना विचारा. शेवटच्या नंबरच्या मुलाशी कसं बोलावं हे त्यांना अनेकदा आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पहिले काही पाठ फसतील. मुलं प्रेमळ असतात, पुढच्या रविवारी पुन्हा येतात. पाठ संपला की मागे बसणाऱ्या मुलाला जवळ घ्या आणि आजची गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लावा. "जिंकलं पाहिजे" असं त्याच्या तोंडून आलं, तर पुढच्या रविवारी तोच पाठ परत घ्या.