सांडव्यातली पोती उत्तरा लागण्याआधी काढा

भोर, मुळशी, पुरंदर, जुन्नर भागात ज्यांनी स्वतःच्या रानात ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलंय, त्यांच्यासाठी हे तातडीचं आहे.

ऑगस्टअखेर तळं भरतं, पाऊस उघडतो आणि रब्बीच्या काळजीनं माणूस सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, वाळूची पोती रचतो. एकरभर पसरलेल्या तळ्यात फूटभर जादा पाणी म्हणजे सुमारे १२ लाख लिटर, मोह होणारच. पण मी फुटलेले बांध पाहिले ते बहुतेक या पोत्यांपायीच, आणि परतीच्या पावसात. जूनची झड रिकामं तळं गिळतं. उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासूनचा, पाऊस भरल्या तळ्यावर कोसळतो, तोही रात्री, दोन-तीन तासांत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत.

हिशेब समजून घ्या. सांडव्यावरून दोन फूट उंच पाणी जायची सोय असेल आणि त्यात फूटभर पोती रचली, तर पाणी वाहून न्यायची ताकद निम्मी नाही, जवळपास एक तृतीयांश उरते. मग पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं. दगडी बंधारा ते सोसतो, माती नाही. बाहेरच्या उताराला घळ पडते, ती मागं खात माथ्यापर्यंत येते आणि बांध जातो.

कटला-रोहू सोडलेल्यांनी सांडव्यावर बांधलेली जाळीही तशीच घातक. पहिल्या लोंढ्यात पाचोळा, बेशरमीच्या फांद्या अडकल्या की जाळीची भिंत होते. सप्टेंबरभर जाळी सोडा, थोडे मासे गेले तर जाऊ द्या.

बाकीची कामं:
- पूरपातळीपासून माथा साधारण १ मीटर उंच ठेवणे
- खचलेल्या माथ्यावर मातीचे १५ ते २० सेंमीचे थर देऊन, ओलवून धुमसानं ठोकणे
- घुशी-खेकड्यांची बिळं माती ठासून बुजवणे
- घाणेरी, बाभळीची रोपं काढणे. मोठं झाड भरल्या तळ्यावर मुळासकट उपटू नये
- आतल्या उतारावरचं ढासळलेलं पिचिंग (दगडांचं अस्तर) बसवणे
- पायथ्याचा चर साफ करणे

बाहेरच्या उतारावर एकाच पट्ट्यात लव्हाळा माजला असेल तर तिथं पाझर आहे, असं मी धरून चालतो. पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन बघा. निवळ असेल तर रोज नजर ठेवा. गढूळ असेल तर बांध आतून पोखरतोय. त्याचं तोंड चिखल-सिमेंटनं बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर दगड असा थर द्या, म्हणजे पाणी निघेल, माती अडेल. आणि तालुक्याच्या जलसंधारण अभियंत्याला बोलवा.

पाझर म्हटलं की दुकानदार तळ्यात अंथरायची ५०० मायक्रॉनची प्लास्टिकची पन्नी नाहीतर बेंटोनाइट (पाण्यानं फुगणारी चिकणमाती) गळ्यात मारतो. पन्नी खोदलेल्या शेततळ्याला ठीक. ओढ्याच्या गाळ-दगडांत ती फाटते. त्या पैशात जेसीबी लावून सांडवा रुंद करून घ्या.

पाणी उतरवायचं झालं तर हळूहळू. एकदम उपसलं की आतला ओला उतार घसरतो.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला आणि रात्री पाणी माथ्याला फूटभर उरलं, तर सांडव्यात उतरू नका, बांधावर उभे राहू नका. खालच्या वस्तीला आणि मोटारीवर झोपलेल्या गड्याला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा, ओढ्याकाठच्या गोठ्यातली जनावरं सोडा.