खान्देशच्या उन्हात डोक्यावर राहील असं सायकलचं हेल्मेट, तेपण बजेटमध्ये

रोड सायकलसाठी हेल्मेट कोणतं घेऊ असं विचारणाऱ्या माणसाने सायकलवर आधीच पंचवीस-तीस हजार घालवलेले असतात, मग बूट, मग ती पॅडवाली चड्डी, मग बाटल्या, आणि हेल्मेटची पाळी येईस्तोवर खिशात हजार-दोन हजार उरतात. काही बिघडत नाही भो. तेवढ्यात व्यवस्थित हेल्मेट येतं. फक्त आपण पैसे कशाचे देऊ राहिलो ते माहिती पाहिजे, आणि ते हेल्मेट मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हातपण डोक्यावर टिकलं पाहिजे. गरम होतं म्हणून अर्ध्या रस्त्यात काढून हँडलला लटकवलेलं दहा हजाराचं हेल्मेट काय कामाचं?

पहिले ते काम कसं करतं ते बघू, म्हणजे दुकानदार काहीपण सांगून गंडवणार नाही. आतला जाड भाग असतो तो ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त जास्त दाट. डोकं आपटलं की तो चेपतो, कधी तडकतो, आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून हेल्मेट एका आपटीपुरतंच. वरचं रंगीत प्लास्टिक पातळ असतं, ते फोम एकत्र धरून ठेवायला आणि डोकं रस्त्यावर न अडकता घसरायला.

याची टेस्ट असते. युरोपची ईएन १०७८, त्यात हेल्मेट घातलेलं नकली डोकं साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर पाडतात, म्हणजे आपटताना वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेची सीपीएससी, त्यात सपाट लोखंडावर दोन मीटरवरून पाडतात. आता कोणी म्हणेल मी तर तीसच्या स्पीडने जातो, मग एकोणीसची टेस्ट काय करायची? पण आडवं पडताना डोकं सायकलच्या उंचीवरून खाली येतं, पुढचा स्पीड बराचसा घसरण्यात जातो, आणि टेस्ट त्या उंचीचीच आहे. ट्रकने उडवलं तर हेल्मेटच्या भरवशावर राहू नका, त्याच्यासाठी ते बनवलेलंच नाही.

आपल्याकडे लोक पडतात तरी कशाने? पावसाळ्यात रावेर-सावदा-फैजपूर पट्ट्यात ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर चढतो तिथे टायरला लागलेली काळी माती गोळे-गोळे पडते, त्यावर रिमझिम झाली की रोड सायकलचं ते बारीक टायर असं सटकतं की हात काढायच्या आत माणूस खांद्यावर, आणि मागोमाग कानाच्या वरची बाजू डांबरावर. नाहीतर कुत्रं आडवं येतं, नाहीतर गावातल्या स्पीडब्रेकरला पट्टे मारलेले नसतात. असल्या पडण्यातच हेल्मेट वाचवतं. म्हणून कानाच्या वर आणि डोक्याच्या मागे खालपर्यंत झाकतं का ते बघा, वाटीसारखं नुसतं टाळूवर बसलेलं नको.

दुकानात असो का ऑनलाइन, पहिले आतलं स्टिकर शोधायचं. त्यावर ईएन १०७८ किंवा सीपीएससी लिहिलेलं पाहिजे, सोबत कंपनीचं नाव, साइज सेंटीमीटरमध्ये, आणि कोणत्या महिन्या-वर्षात बनलं ते. नुसतं सीई, म्हणजे युरोपचा शिक्का, छापलंय आणि पुढे नंबर नाही तर ठेवून द्या. आणि एक चालाखी लक्षात ठेवा, काही स्वस्त हेल्मेटवर ईएन ८१२ असतं. तो कारखान्यात पाइपाला डोकं लागू नये म्हणून घालायच्या टोपीचा नंबर आहे, सायकलचा नाही, दिसायला मात्र सेम टू सेम. तसंच नावाजलेल्या ब्रँडचं पंधरा हजाराचं मॉडेल कोणी बाराशेत देऊ राहिला तर ते कॉपी आहे हे समजून घ्या, त्याच्या फोमचं काय, पट्ट्याचं काय, कोणाला विचारणार?

मोटरसायकलचं हेल्मेट घालून सायकल चालवू का, हे पण विचारतात, घरात पडलेलंच आहे म्हणून. नका. ते किलोभराचं असतं, हवा लागत नाही, रोड सायकलवर वाकून मान वर धरायची तर पंधरा किलोमीटरमध्ये मान धरते. आयएस ४१५१ चा जो आयएसआय मार्क आहे तो मोटरसायकलवाल्यांचा, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पण त्यांच्यासाठीच. सायकलवाल्याला पोलीस पकडत नाही, म्हणून तर आपलं आपल्यालाच बघावं लागतं. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हेल्मेटशिवाय निघूच देत नाहीत.

आता पैसे. पाचशे-सहाशेवाल्यात बहुतेक वेळा स्टिकरच नसतं, तो विषय सोडा. हजार ते दोन हजारात, म्हणजे डेकॅथलॉनचं साधं मॉडेल किंवा तसल्याच ब्रँडचं, नंबर असलेलं, मागे फिरवून कसायची डायल असलेलं हेल्मेट मिळतं आणि बहुतेक लोकांना तेवढं पुरतं. दोन ते चार हजारात वजन कमी होतं, छिद्रं मोठी होतात, आणि बांधणी इन-मोल्ड असते, म्हणजे फोम प्लास्टिकच्या कवचातच भरून फुगवलेला, नंतर चिकटवलेला नाही. कवचाची कडा बोटाने उचलून बघा, चिकटपट्टीने बसवलेलं असेल तर उन्हाळ्यात ती कडा सुटायला लागते. त्याच्या वर गेलं की मिप्स येतं, आत एक पातळ सरकता थर असतो, तिरपं आपटलं की डोक्याला बसणारा पीळ थोडा कमी करतो. ऑफरमध्ये बजेटात बसलं तर जरूर घ्या, पण मिप्ससाठी थांबून चार महिने बिना हेल्मेट फिरायचं, हे येडेपण आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटी हेल्मेटं आपटून स्टार देते, त्यात पण महाग म्हणजे जास्त सेफ असं दिसत नाही, स्वस्तवाले काही चांगले स्टार घेऊन जातात. जास्तीचे पैसे मुख्य करून वजनाला आणि हवेला जातात.

पण हवेला पैसे देणं आपल्याकडे फालतू नाही. पुण्यावाल्याला चालेल ते धुळ्याला चालेलच असं नाही. लळिंगचा चढ मार्चमध्ये सकाळी नऊला चढून बघा, नाहीतर चाळीसगावहून कन्नडचा घाट, स्पीड दहावर येतो, वारा बंद, आणि डोक्यातून घामाची धार सरळ डोळ्यात. गरमीचं रडगाणं काही आपलंच नाही. १९९१ ला फ्रान्सच्या पॅरिस-नीस सायकल शर्यतीत हेल्मेट सक्तीचं केलं तर मोठमोठ्या रायडरांनी आंदोलन केलं, गरम होतं ही मोठी तक्रार, आणि यूसीआयला, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेला, माघार घ्यावी लागली. २००३ ला त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह हेल्मेट न घालता पडला आणि वारला, त्याच वर्षी सक्ती परत आली आणि मग गेली नाही.

हवेसाठी छिद्रं मोजत बसू नका. बॉक्सवर वीस व्हेंट लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. हेल्मेट उलटं करून बघा, पुढच्या छिद्रापासून मागच्या छिद्रापर्यंत फोममध्ये खोल नाली गेलेली आहे का. समोरून हवा शिरून डोक्यावरून मागे निघाली पाहिजे, नाली नसेल तर छिद्रं फक्त शोभेची. कपाळाचं पॅड सलग आणि जरा जाड असलं तर घाम डोळ्यात कमी येतो, आणि पॅड निघणारे पाहिजेत, कारण एप्रिलमध्ये ते दर राइडनंतर धुवावे लागतात, नाहीतर असा वास मारतात की घरचे हेल्मेट गॅलरीत ठेवायला लावतात. रंग पांढरा, पिवळा, भडक नारंगी घ्या. काळं दिसतं भारी, पण पहाटे हायवेवर केळीच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसले पाहिजे. पुढे टोपीसारखा व्हायझर असला तर काढून टाका, रोड सायकलवर वाकलं की रस्ताच झाकतो.

फिटिंग ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि यात पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. शिंप्याकडचा टेप घ्या, भुवयांच्या दोन बोटं वरून आणि मागे डोक्याचा जो उंचवटा आहे त्यावरून गोल फिरवा. ५६ आलं तर ५४-५८ वालं, ६० आलं तर पुढचं. ५८ आलं तर दोन्ही घालून बघा, प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, कोणाचा गोल, कोणाचा लांबट. हेल्मेट आडवं सपाट बसवा, कपाळावर दोन बोटं जागा, मागे झुकलेलं नको, आपल्याकडे निम्मे लोक गांधी टोपी मागे सारल्यासारखं घालतात आणि कपाळ उघडं. मग पट्टा न लावता मागची डायल कसा आणि खाली वाकून डोकं हलवा. पडलं नाही पाहिजे. कपाळाची कातडी हेल्मेटसोबत हलली म्हणजे बरोबर बसलं. दोन्ही बाजूचे पट्टे कानाच्या खाली इंग्रजी व्ही सारखे जुळले पाहिजेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. शेवटी तळहाताने पुढची कडा वर ढकला, हेल्मेट मागे सरकून कपाळ उघडं पडलं तर पुढचा पट्टा ढिला आहे. गॉगल लावूनपण बघा, काडी डायलच्या पट्टीला घासते का. ऑनलाइन मागवलं असेल तर टॅग न तोडता घरात अर्धा तास घालून बसा, टीव्ही बघा, एकाच जागी टोचून लाल वण उठला तर परत पाठवा, ते पुढे "सेट" होत नाही.

जळगावच्या बऱ्याच ताई उन्हासाठी स्कार्फ बांधूनच निघतात, आणि पुरुषमंडळी डोक्याला रुमाल. बांधा, पण पातळ सुती, एकच घडी, गाठ मागे डायलखाली येऊ देऊ नका. जाड ओढणीच्या तीन घड्यांवर हेल्मेट ठेवलं तर ते वर तरंगतं आणि पडताना सरकतं. अंबाडा वर नको, खाली मानेवर वेणी. आणि डिसेंबर-जानेवारीत भरिताच्या पार्टीला पहाटे सायकलवर जायचं म्हटलं की कानटोपी लागतेच, म्हणून साइज मोजताना डायल अगदी शेवटच्या दातापर्यंत उघडून बसणारं घेऊ नका, थोडी जागा राहू द्या. गावातून जाताना कोणी काका विचारतीलच, "इतला उनमा हाई टोपलं काबर घालस रे भो?" हसा आणि पॅडल मारा.

घेतल्यावर दोन-तीन गोष्टी. मे महिन्यात काचा बंद कारमध्ये डॅशबोर्डवर हेल्मेट सोडून जाऊ नका, एवढ्या गरमीने फोम आणि गोंद खराब होतात. थिनर, पेट्रोलने पुसू नका, कोमट पाणी आणि साधा साबण बस. रंग मारू नका. सेकंड हँड घेऊ नका, आधीच्या मालकाने ते कुठे आपटलं ते तो सांगत नाही आणि फोममधली चीर वरून दिसत नाही. पडल्यावर डोकं लागलं असेल तर हेल्मेट फेका, दिसायला कितीही चांगलं असलं तरी, आणि फेकताना पट्टे कापून फेका, नाहीतर कोणीतरी उचलून पोराला देतो. न पडताही पाचेक वर्षांनी बदला, आपल्या घामाने त्याआधीच पट्टे कडक आणि पॅड चुरा होतात. पॅड वेगळे मिळतात, शंभर-दोनशेच्या पॅडसाठी नवीन हेल्मेट घ्यायची गरज नाही.